कॅमेरा संध्याकाळी पाचला परत

कॉलेजच्या मीडिया लॅबच्या दारावर चिकटवलेली नियमावली एकदा सावकाश वाचून पाहा. साहित्य हवं असेल तर दोन दिवस आधी अर्ज. अर्जावर विषयशिक्षकांची सही, मग विभागप्रमुखांची. अनामत रक्कम. ओळखपत्राची झेरॉक्स. साहित्य आवाराबाहेर नेता येणार नाही, नेलंच तर शिक्षक सोबत हवेत. संध्याकाळी पाचच्या आत परत. रविवारी व सुट्टीच्या दिवशी लॅब बंद. मोडतोड झाल्यास पूर्ण किंमत वसूल केली जाईल. यातला एकेक नियम सुटा वाचला तर त्यात खोट काढायला फारशी जागा नाही. पण सगळे एकत्र लागू झाले की कॅमेरा कपाटातच राहतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर हमखास राहतो.

माझं म्हणणं असं की कोकणातल्या कॉलेजांनी ही नियमावली दुसऱ्या टोकापासून लिहायला घ्यावी. मुलांना काय चित्रित करता आलं पाहिजे ते आधी ठरवावं. त्या कामाला किती वेळ लागतो, ते कुठे आणि कोणत्या प्रहरी होतं, हे पाहावं. मग साहित्य कसं जपायचं याचे नियम करावेत. आज सगळी सुरुवात ‘हरवलं तर?’ या प्रश्नापासून होते, आणि ज्या कामासाठी साहित्य विकत घेतलं त्याच कामाला नियमांत जागा उरत नाही.

कातळशिल्पांचंच, म्हणजे उघड्या खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांचंच घ्या. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी, कुडोपी अशा ठिकाणांची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, जगाचं लक्ष गेलं, बाहेरून लोक येऊन माहितीपट करायला लागले. रत्नागिरीत माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या मुलाला वाटणारच की आपणही कशेळीचा तो प्रचंड हत्ती टिपावा, त्याच्या रेषेच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी दाखवावेत. आता प्रत्यक्ष तिथे काय होतं ते पाहा. जांभ्यातली कोरीव रेष उथळ असते. रेषेचा आणि भोवतालच्या कातळाचा रंग एकच. दुपारी ऊन डोक्यावर असताना खाचेत सावली पडत नाही आणि पडद्यावर नुसता तपकिरी सडा दिसतो. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तासभर आणि मावळण्याआधीचा तासभर ऊन आडवं येतं, खाचेची एक कड काळी होते, दुसरी उजळते, आणि हत्ती उठून दिसतो. कातळशिल्पांचं चित्रण या दोन तासांतच व्हायला हवं. लॅब उघडते दहाला. सह्या होऊन बॅग हातात पडायला अकरा वाजतात. पाचच्या आत परत यायचं तर मुलगा सड्यावर पोहोचतो तो नेमका भर दुपारी. सकाळचा तास आणि संध्याकाळचा तास, दोन्ही लॅबच्या वेळापत्रकाच्या बाहेर.

दशावताराचं तर विचारूच नका. सिंधुदुर्गात कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू होतात. रात्री देवाची पालखी फिरून झाली की मग कुठे नाटक उभं राहतं, आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतं. रंगमंचावर राजाचं सिंहासन म्हणून एक लाकडी बाक. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. मागच्या बाजूला पेटारे उघडून नट आपापला चेहरा स्वतः रंगवत बसलेले असतात. स्त्रीपार्टी नट आरशात बघत स्वतःची साडी स्वतः नेसतो. या कलेची गंमत अशी की तिला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद त्या रात्री, त्या प्रेक्षकांपुढे, समोरच्या नटाला उत्तर देताना सुचतात. त्यामुळे एका रात्री बोललेलं दुसऱ्या रात्री तसंच्या तसं पुन्हा होत नाही. ज्या मुलांना हे घराजवळ मिळतं, जी लहानपणी जत्रेत गोधडीत गुंडाळून नाटकातल्या संकासुर राक्षसाला घाबरली, त्यांच्या हातात रात्री दोन वाजता एक रेकॉर्डर आणि दोन माइक असायला हवेत. लॅबच्या नियमात रात्री दोन ही वेळच नाही.

सुट्टीच्या दिवशी लॅब बंद, हा नियम शहरात कदाचित कुणाला टोचणार नाही. आपल्याकडे शिमगा, गणपती आणि जत्रा सोडल्यास उरतं काय? पालखी घरोघर नाचते तेव्हा कॉलेजला सुट्टी. चाकरमानी गाड्या भरभरून येतात, अंगणात जाखडी नाच रंगतो, तेव्हा सुट्टी. कोकणातला सगळ्यात मोलाचा विषय सुट्टीतच घडतो, आणि नेमकं त्याच वेळी साहित्याच्या खोलीला कुलूप असतं.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. लॅब सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकटा असतो, पगार बेताचा, आणि डेड स्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीतली, प्रत्येक ओळ त्याच्या सहीने उभी. वर्षअखेरीच्या पडताळणीत एक लेन्स कॅप कमी निघाली तरी उत्तर त्यालाच द्यायचं. साहित्य बाहेर गेलं तर त्याला काडीचा फायदा नाही. मोडलं तर बोलणी त्याला, प्रसंगी भरपाईही त्यालाच. अशा माणसाने ‘नको रे, सर नाहीत, उद्या ये’ म्हणावं यात नवल नाही. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. म्हणून नियम बदलायचे तर पहिला बदल त्याच्यासाठी व्हायला हवा: रीतसर नोंद करून दिलेल्या वस्तूच्या नुकसानीला तो व्यक्तिशः जबाबदार नाही, हे संस्थेने लेखी द्यावं. एवढी एक ओळ आली की कपाटाची किल्ली निम्मी सैल होते.

नुकसान गृहीत धरून कारभार करणं ही काही क्रांतिकारक कल्पना नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी तरतूद आहे: वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ गहाळ झाली तर तो तोटा वाजवी मानावा, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी होते. कॅमेऱ्याला हे प्रमाण जसंच्या तसं लावता येणार नाही हे उघड आहे, तो हजार रुपयांत येत नाही. पण त्यामागचा विचार लावता येतो. वस्तू वापरात आली की थोडी झीज, थोडी हानी होणार, आणि ती हिशेबात आधीच धरायची, हे सरकारी लेखापरीक्षणालाही मान्य आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात असं सांगतो. एके काळी युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाचा इतिहास १८२८ पासूनचा आहे. पुस्तक घरी न्यायची सवय या गावाला इतकी जुनी आहे. तेच गाव कॅमेऱ्याच्या बाबतीत अजून साखळीच्या काळात का राहावं?

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, जो मुंबई-पुण्याच्या नियमावल्या उतरवून घेताना आपल्याकडे कायम सुटतो. कोकणात कपाट ही सुरक्षित जागा नाही.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. घरात काय होतं ते प्रत्येकाला ठाऊक आहे: चामड्याच्या पट्ट्याला बुरा येतो, पुस्तकांना वास लागतो, मीठ पाझरतं. लेन्सच्या काचेलाही तेच होतं. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली की काचेवर बुरशी धरते. बुरशीला जे लागतं ते सगळं बंद लोखंडी कपाट पुरवतं. त्यात कॅमेरा फोमच्या अस्तराच्या बॅगेत असेल तर फोम ओल धरून ठेवतो, म्हणजे आणखी सोय.

एका कॉलेजातली लेन्स मी हातात घेऊन पाहिली आहे. बाहेरून कोरी करकरीत, रबरी कड्यावर बोटाचा ठसा नाही. मागून मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेच्या कडेकडून मध्याकडे सरकणारे पांढरे तंतू दिसले, कोळ्याच्या जाळ्यापेक्षा बारीक, फांद्या फुटलेले. या लेन्सने एकही जत्रा पाहिलेली नव्हती, एकाही विद्यार्थ्याच्या हातून ती पडलेली नव्हती. बुरशीतून जे आम्ल सुटतं ते काचेवरचा लेप खातं, आणि एकदा लेप गेला की साफ करूनही चित्र धुरकट येतं. दुरुस्तीला लेन्स मुंबईला पाठवायची आणि तिचा खर्च ऐकून परत मागवायची, एवढंच हाती राहतं. नियमावलीत ‘मोडतोड झाल्यास पूर्ण किंमत’ असं लिहिलं होतं. ही मोडतोड कुणाच्या नावावर घालायची?

बॅटऱ्यांचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली की ती पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. ठेवायचीच तर निम्म्या चार्जवर ठेवावी आणि अधूनमधून वापरावी. खाऱ्या हवेने माइकच्या केबलची टोकं आणि फ्लॅशचे धातूचे संपर्क काळे पडतात, वापरात असले की पुसले जातात. म्हणजे वापर हाच देखभालीचा अर्धा भाग आहे. उरलेल्या अर्ध्या भागाला फार पैसे लागत नाहीत. एका बऱ्यापैकी लेन्सच्या किमतीत आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर धरणारं छोटं ड्राय कॅबिनेट येतं. तेही परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर. सिलिका जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून ते पुन्हा वापरता येतं. आणि डबा तळमजल्यावर, खालच्या फळीवर नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी चिपळूणभर फिरलं, त्यानंतर तरी हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

मग बाहेर नेलेल्या साहित्याला धोका नाही का? आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे नियमावलीत सापडत नाही. एसी लॅबमधून थंडगार कॅमेरा काढून मे महिन्याच्या दमट हवेत सरळ बॅग उघडली की लेन्सवर आणि आत सेन्सरवर दव धरतं. उपाय सोपा: बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबायचं. वाळूवर लेन्स बदलायची नाही. किनाऱ्यावरून आल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने बॉडी आणि ट्रायपॉडचे पाय पुसायचे, नाहीतर मीठ सांध्यांत बसतं. केबल कोपराभोवती गुंडाळायची नाही, आतली तार पिळून तुटते. हातात एक वेढा सरळ, एक उलटा असा घ्यायचा. दिव्याचं स्टँड रात्रीच्या गर्दीत उभं करायचं तर पायांवर वाळूची पिशवी. साहित्य खरोखर वाचवणारे नियम हेच आहेत. दोन सह्या आणि ओळखपत्राच्या झेरॉक्सने एकही लेन्स वाचत नाही.

म्हणून मी अनामतीच्या जागी परीक्षा मागतो. लेखी नव्हे, हाताची. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने लॅबमध्ये तासभर उभं राहून बॅग उघडून दाखवावी, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवावा, माइकची पातळी लावावी, केबल गुंडाळावी, कार्ड कॉपी करावं, सगळं पुन्हा जागच्या जागी भरावं. जमलं की त्याच्या नावावर साहित्य द्यायला मोकळीक. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. पावसाळ्यात बाहेर चित्रण होत नाही, तेव्हा जून-जुलै-ऑगस्ट यासाठीच वापरावेत.

अनामतीबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे, कारण इथे अन्याय होतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. तीन-पाच हजारांची अनामत भरू शकणाऱ्या मुलाकडे बहुधा स्वतःचा बरा फोन असतो, चुलतभावाचा कॅमेरा मिळतो, गावात लग्नाची शूटिंग करणारा ओळखीचा असतो. जिची आई मासळी विकते किंवा ज्याचे वडील आंब्याच्या हंगामात दुसऱ्याच्या बागेत राखणीला जातात, त्यांच्यासाठी कॉलेजचा कॅमेरा हा एकमेव कॅमेरा. अनामत नेमकी त्यांनाच अडवते. आणि हे साहित्य आलं कुठून? पूर्वी बीएमएम म्हणून ओळखला जाणारा, आता बीएएमएमसी नावाने चालणारा माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम बहुतेक कॉलेजांत स्वयंअर्थसहाय्यित आहे. तो चालतो विद्यार्थ्यांच्या फीवर. फी सगळ्यांनी भरायची आणि वापर अनामत परवडणाऱ्यांनी करायचा, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

भरपाईचा नियमही असाच आंधळा आहे. आयकराच्या नियमांत यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे वापराने होणारी किमतीतली घट, धरतात. ५०,००० रुपयांचा कॅमेरा त्या हिशेबाने चार वर्षांनी सुमारे २६,००० रुपयांचा उरतो. तो विद्यार्थ्याच्या हातून फुटला तर त्याच्याकडून ५०,००० घ्यायचे कशाच्या आधारावर? आणि फुटला म्हणजे कसा फुटला, हेही पाहायला हवं. जत्रेच्या गर्दीत कुणाचा धक्का लागून स्टँड पडणं वेगळं, बॅग एसटीच्या सीटवर विसरणं वेगळं, दारू पिऊन गाडीवरून कॅमेरा आपटणं वेगळं. पहिल्यात मुलाकडून एक रुपयाही घेऊ नये. दुसऱ्यात घसारा वजा करून काही भाग, तोही हप्त्याने. तिसऱ्यात पूर्ण. निर्णय एकट्या विभागप्रमुखाने न करता दोन शिक्षक आणि दोन विद्यार्थी मिळून करावा. शिवाय इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, हलवता येणाऱ्या साहित्यालाही तो घेता येतो. फक्त आवाराबाहेरचा वापर त्यात नीट लिहून घ्यावा लागतो. हप्ता सगळ्या विद्यार्थ्यांत वाटला तर अनामतीचं ओझं उरतच नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. ‘शिक्षक सोबत हवेत’ हा नियम बऱ्याचदा त्यांच्या काळजीपोटी येतो आणि परिणामी रात्रीचं काम मुलग्यांकडे जातं, मुली एडिटिंगला बसतात. तिघा-चौघांच्या गटाला साहित्य द्यावं, गटात मुली असाव्यात, गावातल्या एका घराचा पत्ता आणि फोन नोंदीत असावा. आपल्याकडे प्रत्येक गटात कुणाची तरी मावशी-आत्या त्या गावात निघते. जत्रेच्या रात्री गावाइतकी जागी जागा दुसरी नसते.

काही जण म्हणतात, आता फोनमध्ये फोर-के आहे, लॅबचं साहित्य हवंच कशाला? चित्राच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंत खरं आहे. आवाजाच्या बाबतीत मुळीच नाही. समुद्रावरच्या वाऱ्यात फोनच्या माइकमध्ये फक्त फडफड येते. दशावतारात फोन प्रेक्षकांत धरला तर जवळच्या भोंग्याचा कर्कशपणा आणि शेजारच्याचं बोलणं येतं, नटाचा श्वास येत नाही. केसाळ विंडशील्ड लावलेला माइक, कॉलरला लावायचा छोटा माइक, स्वतंत्र रेकॉर्डर या वस्तू लॅबमध्ये असतात आणि मुलांच्या घरी नसतात. कॅमेरा द्यायला कुणी घाबरतच असेल तर निदान आवाजाचं साहित्य उद्यापासून बाहेर सोडावं. ते स्वस्त असतं, दणकट असतं, आणि कामाचा दर्जा सगळ्यात जास्त त्यानेच उंचावतो.

एक गोष्ट मात्र मला नियमावलीत वाढवून हवी आहे, कारण ती कुठेच आढळत नाही. ज्यांचं चित्रण होतं त्या माणसांबद्दल काही नियम? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे लोककलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि ठाकर समाजाच्या चित्रकथीकडे (चित्रं दाखवत सांगितलेल्या कथा) आणि कळसूत्री बाहुल्यांकडे कॅमेऱ्यांचा ओघ वाढणं साहजिक आहे. अशा प्रत्येक कलावंताला आधी विचारलं पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ नुसार सादरकर्त्याचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, हे माध्यमं शिकणाऱ्या मुलाला माहीत नसेल तर त्याला कॅमेरा देण्यात खरा धोका तो आहे. साहित्य घेण्याच्या फॉर्मवर एक ओळ असावी: कुणाची परवानगी घेतली, आणि तयार झालेल्या चित्रणाची प्रत त्यांना कधी देणार. साहित्य परत करताना लेन्स कॅप मोजतात, तसं ती प्रत पोहोचली का हेही विचारावं. एक प्रत कॉलेजच्या हार्ड डिस्कवर राहावी, गाव, तारीख, कलावंतांची नावं लिहून. दहा वर्षांत त्या कपाटात जिल्ह्याचं एक दप्तर उभं राहील.

हे सगळं एका दमात करा असं मी म्हणत नाही. येत्या पावसाळ्यात हाताची परीक्षा सुरू करा, ड्राय कॅबिनेट घ्या, विम्याची चौकशी करा, लॅब सांभाळणाऱ्याला ते पत्र द्या. कार्तिकात पहिल्या जत्रेला दोनच संच बाहेर सोडा, शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ अशा मुदतीने, अनामत न घेता. शिमगा झाला की रजिस्टर विद्यार्थ्यांसमोर उघडा: संच किती वेळा गेले, काय तुटलं, दुरुस्तीला किती लागले, आणि कपाटात राहिलेल्या संचांच्या लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर काय दिसलं. ते आकडे समोर ठेवून मग पुढच्या वर्षी किती संच सोडायचे आणि अनामत पुन्हा लावायची का, यावर बैठक घ्या. तिला विद्यार्थ्यांनाही बोलवा.